कंटेनर कंपनीत करिअर: जहाजावर, किनाऱ्यावर आणि मधल्या साखळीत शिरायचं कसं

२३ मार्च २०२१ रोजी सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज आडवं अडकलं आणि सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला. जहाजाच्या अंगावर ठळक अक्षरांत 'एव्हरग्रीन' लिहिलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी ते एव्हरग्रीनचं जहाज म्हणूनच ओळखलं. प्रत्यक्षात ते जपानच्या शोएई किसेन कंपनीच्या मालकीचं होतं. तैवानच्या एव्हरग्रीननं ते भाड्यानं घेतलं होतं, चालवायला बर्नहार्ड शुल्टे शिपमॅनेजमेंटकडे दिलेलं होतं आणि वर झेंडा पनामाचा होता. जहाजावरचे २५ च्या २५ कर्मचारी भारतीय होते आणि त्यांना नेमणारी कंपनी एव्हरग्रीन नव्हती.

म्हणून 'मला मोठ्या कंटेनर कंपनीत जायचंय' असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: जायचंय म्हणजे नेमकं कुणाकडे?

पायरी १: कोण काय करतं ते आधी ओळखा

ज्यांची नावं कंटेनरवर दिसतात त्या लाइनर कंपन्या, बोलीत नुसत्या 'लाइन'. क्षमतेनं आज सर्वांत मोठी एमएससी. ती १९७० मध्ये सुरू झाली आणि तिचं मुख्यालय जिनिव्हात, म्हणजे समुद्रच नसलेल्या देशात आहे. २०२२ च्या सुरुवातीला तिनं डेन्मार्कच्या मर्स्कला मागे टाकलं. त्यानंतर फ्रान्सची सीएमए सीजीएम, चीनची कॉस्को, जर्मनीची हापाग-लॉइड, तीन जपानी कंपन्यांचे कंटेनर विभाग एकत्र करून सिंगापूरला उभी केलेली ओशन नेटवर्क एक्सप्रेस (सगळे तिला 'वन' म्हणतात), मग एव्हरग्रीन, कोरियाची एचएमएम, झिम, यांग मिंग, वान हाय. भारताची शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाही कंटेनर जहाजं चालवते, पण या रांगेत ती फार मागे आहे.

लाइनचं काम जागा विकणं, वेळापत्रक चालवणं, कंटेनर फिरवत ठेवणं. जहाजं काही स्वतःची, काही भाड्याची. जहाजावर माणसं पुरवण्याचं काम बऱ्याचदा शिप मॅनेजर करतात: अँग्लो-ईस्टर्न, सिनर्जी, बर्नहार्ड शुल्टे, फ्लीट, एक्झिक्युटिव्ह शिप मॅनेजमेंट. समुद्रावर जायचं असेल तर तुमच्या अर्जाचा पत्ता बहुधा यांचा असतो.

बंदरात टर्मिनल ऑपरेटर वेगळे. न्हावा शेव्यालाच बघा: डीपी वर्ल्ड, मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स, सिंगापूरची पीएसए, आणि जे एम बक्षी व सीएमए टर्मिनल्स यांचं फ्रीपोर्ट टर्मिनल. बंदराची जमीन आणि पाणी प्राधिकरणाचं, पण क्रेनखाली उभं राहणाऱ्या माणसाचा मालक टर्मिनलवाला किंवा त्याचा कंत्राटदार. बंदराबाहेर सीएफएस (कंटेनर भरण्या-रिकामे करण्याची गोदामं), एम्प्टी यार्ड, ट्रेलरवाले, सर्व्हेयर, फ्रेट फॉरवर्डर (मालवाल्यासाठी वाहतूक जुळवून देणारे) आणि सीएचए, म्हणजे कस्टम ब्रोकर. संख्येनं सर्वाधिक नोकऱ्या या शेवटच्या गटात असतात आणि त्यांचा विचार मुलं सगळ्यांत शेवटी करतात. मला हे नेहमी उलटं वाटत आलंय.

पायरी २: एक कंटेनर डोळ्यांसमोर चालवून बघा

कोणतं काम आपल्याला जमेल हे जाहिराती वाचून कळत नाही. त्यापेक्षा नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला कशी जातात ते टप्प्याटप्प्यानं बघा आणि कुठल्या टप्प्यावर आपण उभे राहू शकू ते ठरवा.

निर्यातदार लाइनकडे किंवा फॉरवर्डरकडे ४० फुटी रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर बुक करतो. इथे दर ठरवणारा प्राइसिंगचा माणूस आणि गिऱ्हाईक सांभाळणारा सेल्सवाला लागतो. हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. त्या काळात सगळ्यांनाच रीफर हवे असतात. नाशिककडे पुरेसे रिकामे रीफर आहेत का, नसतील तर कुठून आणायचे, हा हिशेब इक्विपमेंट कंट्रोल विभाग करतो. बाहेरच्यांना हा विभाग माहीतही नसतो, पण लाइनचा नफा-तोटा बऱ्यापैकी इथे ठरतो, कारण रिकामा डबा हलवण्याचं भाडं कुणी देत नाही.

कंटेनर यार्डातून निघण्याआधी त्याची पीटीआय, म्हणजे प्रवासाआधीची तपासणी, होते. यंत्र चालू करून तापमान नीट धरतं का, गळती आहे का ते तपासतात. हे काम रीफर टेक्निशियनचं. आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेल्या मुलानं कूलर दुरुस्तीच्या दुकानाबरोबर या दाराचाही विचार करावा. डायकिन, कॅरियर, थर्मो किंग, स्टार कूल या यंत्रांवर हात बसलेला माणूस यार्डात, टर्मिनलवर, परदेशी बंदरांत, सगळीकडे चालतो.

पॅकहाऊसमध्ये आधीच थंड केलेला माल भरला जातो, तापमान शून्याच्या आसपास लावलं जातं, सील लागतं. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, प्रणालीत भरायचं काम सीएचएचं. २०१६ च्या जुलैपासून भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. ट्रेलरला जनरेटर जोडून गाडी कसारा घाट उतरते. बंदराच्या गेटवर फॉर्म १३, म्हणजे आत सोडण्याचा कागद, लागतो आणि कटऑफच्या, म्हणजे ठरलेल्या शेवटच्या वेळेच्या, आत गेट-इन व्हावं लागतं. कटऑफ चुकला की माल पुढच्या जहाजावर ढकलला जातो, त्याला 'रोलओव्हर' म्हणतात. मग निर्यातदाराचे फोन कस्टमर सर्व्हिसच्या टेबलावर वाजायला लागतात. तिथे बसणाऱ्याला इंग्रजीपेक्षा डोकं थंड ठेवणं जास्त उपयोगी पडतं.

टर्मिनलवर रीफर विजेच्या पॉइंटला लागतो. यार्ड प्लॅनर त्याची जागा ठरवतो, आरटीजी, म्हणजे यार्डातली चाकांवरची क्रेन, चालवणारा तो उचलतो, आणि व्हेसल प्लॅनर ठरवतो की जहाजावर तो कुठल्या बेमध्ये (आडव्या कप्प्यात), कुठल्या थरावर बसेल. जड डबे खाली, पुढच्या बंदरात उतरणारे वर, धोकादायक माल एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर, रीफर विजेच्या सॉकेटपाशी. प्लॅनरची चूक झाली तर जहाजाचा तोल आणि पुढच्या बंदरातले तास, दोन्ही बिघडतात. नकाशे आणि कोडी आवडणाऱ्यांनी हे काम जरूर बघावं.

समुद्रावर ईटीओ, म्हणजे इलेक्ट्रिकल अधिकारी, रीफरची रोजची फेरी मारतो. तिकडे किनाऱ्यावर डॉक्युमेंटेशन विभाग बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा, मसुदा तयार करतो. पत्ता, माल, वजन, सील नंबर यांत एक अक्षर चुकलं तरी बँक कागद परत करते. ही कामं आता मोठ्या प्रमाणात सर्व्हिस सेंटरमध्ये एकवटली आहेत. मर्स्कची अशी केंद्रं मुंबई, पुणे आणि चेन्नईत आहेत. म्हणजे जगातल्या भलत्याच दोन बंदरांमधल्या मालाचा कागद पुण्यातल्या टेबलावर तयार होऊ शकतो.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि लाइननी केप ऑफ गुड होपचा वळसा घ्यायला सुरुवात केली. युरोपचा प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला. द्राक्षासारख्या मालाला हे फार जड जातं. वेळापत्रक नव्यानं बांधणारे नेटवर्क प्लॅनिंगचे लोक आणि खराब मालाचे दावे हाताळणारे क्लेम्सचे लोक, या दोन्ही विभागांची किंमत अशा वेळी कळते.

पायरी ३: फी भरायच्या आधी डोळे तपासा

समुद्राचा विचार असेल तर कॉलेजांच्या माहितीपत्रकांआधी शिपिंग महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे जा. डेक विभागाला चष्म्याशिवाय जवळपास निर्दोष नजर लागते. इंजिन विभागाला थोडा नंबर चालतो. रंग ओळखण्यातला दोष मात्र भोवतो, आणि तो असल्याचं अनेकांना तपासणीपर्यंत ठाऊकच नसतं. प्रवेश घेऊन झाल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

शरीराइतकाच स्वभाव तपासा. कंटेनर जहाज बंदरात फार थांबत नाही. काही तासांत किंवा दीड-दोन दिवसांत माल चढवून-उतरवून निघतं, आणि त्या वेळात झोप मिळत नाही. 'जग बघायला मिळतं' हे वाक्य इथे फारसं खरं नाही. बंदराची क्रेन तेवढी बघायला मिळते. त्याच्या बदल्यात ठरलेले मार्ग, ठरलेलं वेळापत्रक आणि बहुतेक चांगल्या स्थितीतली जहाजं मिळतात. २०-२४ हजार टीईयूच्या (एक टीईयू म्हणजे एक २० फुटी कंटेनर) जहाजावरही माणसं वीस-पंचवीसच असतात, त्यामुळे एकटेपणाची सवय हवी.

आणि धोका आहेच. २०२४ च्या एप्रिलमध्ये इराणनं 'एमएससी एरीज' ताब्यात घेतलं, तेव्हा त्यावर १७ भारतीय होते. त्यात एक तरुण महिला कॅडेटही होती आणि ती सगळ्यांत आधी घरी परतली. २५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' कोचीजवळ ६४० कंटेनरसह बुडालं. २४ कर्मचारी वाचवले गेले. घरच्यांशी बोलताना हे लपवू नका. ते बातम्या वाचतातच.

पायरी ४: समुद्राचं दार तुमच्या शिक्षणाप्रमाणे निवडा

बारावी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणितासह झाली असेल आणि या तीन विषयांत मिळून ६० टक्के असतील, तर अधिकारी होण्याचे तीन रस्ते आहेत. एक वर्षाचा डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा, आणि त्यानंतर १८ महिने जहाजावर. तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची बीएस्सी. किंवा चार वर्षांचं मरीन इंजिनीअरिंगचं बीटेक. दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के हवेत. तिन्हींसाठी इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्यावी लागते.

मेकॅनिकल पदवी झाली असेल तर जीएमई, म्हणजे पदवीधरांचा मरीन इंजिनीअरिंगचा कोर्स, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स असेल तर काही महिन्यांचा ईटीओ कोर्स. रीफरची संख्या पाहता कंटेनर जहाजावर ईटीओला काम भरपूर असतं.

दहावीवर जीपी रेटिंग, सहा महिन्यांचं. डेक किंवा इंजिनचा खलाशी म्हणून सुरुवात, पुढे एबी, बोसन किंवा मोटरमन, फिटर. कोकण आणि गोव्यातल्या किती घरांत पिढ्यान्पिढ्या तारवटी (जहाजावरचे खलाशी) झाले ते सांगायला नको. गोव्यात चिखलीला नाविकांच्या संघटनेची, नुसीची, स्वतःची अकादमी आहे. वयाच्या मर्यादा आणि टक्केवारी परिपत्रकांनी बदलत असतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच बघा, दलालाच्या व्हॉट्सअॅपवर नको.

महाराष्ट्रात संस्था भरपूर आहेत. नवी मुंबईतलं पूर्वीचं टी. एस. चाणक्य आणि मुंबईतलं पूर्वीचं मेरी (मरीन इंजिनीअरिंगची संस्था) हे दोन्ही आता इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या छत्राखाली आहेत. मावळात इंदुरीला तोलानी, लोणी काळभोरला मॅनेट, कर्जतला अँग्लो-ईस्टर्नची आणि लोणावळ्याजवळ एक्झिक्युटिव्ह शिप मॅनेजमेंटची अकादमी. शेवटच्या दोन नावांकडे नीट बघा: त्या जहाजं चालवणाऱ्या कंपन्यांच्याच आहेत. अशा ठिकाणी, किंवा इतरत्रही, आधी कंपनीची स्पॉन्सरशिप मिळवा आणि मग फी भरा. स्पॉन्सरशिपशिवाय डीएनएस करून जहाजासाठी दोन-दोन वर्षं खेटे घालणारी मुलं बेलापूर आणि वाशीच्या ऑफिसांबाहेर पुष्कळ दिसतात. अभ्यासक्रमाची फी ही इथली खरी अडचण नाही. पहिलं जहाज मिळणं ही आहे.

कागद कमीत कमी हे: इंडोस नंबर (नाविकाचा ओळख क्रमांक), पासपोर्ट, एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांचे मूलभूत सुरक्षा कोर्स, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सीडीसी, म्हणजे नाविकाचं नोंदपुस्तक. कॅडेट असताना मिळतो तो स्टायपेंड. उत्पन्नाची मोठी उडी पहिली सक्षमता परीक्षा, म्हणजे सीओसी, पास झाल्यावर लागते. तोवर कर्जाचे हप्ते कोण भरणार ते घरी आधीच बोलून घ्या.

पायरी ५: पैसे मागणाऱ्याला ओळखा

भारतात नाविकांची भरती करणाऱ्या एजंटाकडे आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे, आणि नंबर खरा असला तरी तो त्याच कंपनीचा आहे का ते तिथेच जुळवून बघता येतं. सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घेता येत नाहीत. भारतानं हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. म्हणजे 'जॉइनिंगचे तीन लाख, पावती नंतर' असं म्हणणारा माणूस कितीही गोड बोलला आणि ऑफिस कितीही थंडगार असलं, तरी उठून बाहेर या. दुबईला किंवा इराणला टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथून जहाज पकडायला सांगणारा तर त्याहून धोकादायक.

करारात चार गोष्टी वाचा: नोकरी देणारी कंपनी कोण, जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर, किती महिन्यांचा करार, आणि परतीचं तिकीट कुणाचं. आयएमओ नंबर आयुष्यभर बदलत नाही, त्यामुळे जहाजाचं वय आणि इतिहास शोधता येतो. परदेशी मार्गावर काम करून अनिवासी दर्जा हवा असेल तर आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी लागतात, आणि मोजणी सीडीसीवरच्या शिक्क्यांवर होते. शिक्के नीट पडले का, हे उतरतानाच बघा.

मोठ्या नावाचीही हमी नसते. कोरियाची हान्जिन जगातल्या पहिल्या दहांत होती, ती २०१६ च्या ऑगस्टअखेर कोर्टात गेली आणि तिची जहाजं खलाशांसह समुद्रात अडकून पडली, कारण बंदरं बिल कोण भरणार ते विचारत होती.

पायरी ६: किनाऱ्यावरचं दार, बहुधा बाजूनं उघडतं

बीकॉम, बीए, बीएमएस कुठलीही पदवी चालते. लाइनच्या ऑफिसात थेट शिरणं अवघड, सर्व्हिस सेंटरमध्ये तुलनेनं सोपं. पण सर्व्हिस सेंटरमध्ये एकाच प्रकारचा कागद वर्षभर करत राहण्याचा धोका असतो. माझं मत विचाराल तर पहिली एक-दोन वर्षं एखाद्या मध्यम आकाराच्या फॉरवर्डरकडे किंवा सीएचएकडे काढावीत. पगार कमी मिळतो, धावपळ जास्त होते, पण बुकिंगपासून डिलिव्हरी ऑर्डरपर्यंत सगळं हाताखालून जातं. नंतर लाइन असा माणूस आनंदानं घेते.

सीएचएच्या धंद्यात कार्डांची उतरंड आहे. बारावीवर नोकरीला लागलेल्याला एच कार्ड, कस्टमची परीक्षा पास झाल्यावर जी कार्ड, आणि पदवीसोबत जी कार्डावरचा किमान दोन वर्षांचा अनुभव असेल तर एफ कार्डाची, म्हणजे स्वतःच्या परवान्याची, परीक्षा देता येते. परीक्षा कठीण आहे. पण एफ कार्डवाल्याला नोकरी शोधावी लागत नाही.

टर्मिनलमधल्या कामांसाठी उरण, पनवेल, द्रोणागिरीकडचं असणं फायद्याचं, कारण पाळ्या रात्रीच्याही असतात. १२ जानेवारी २०२४ पासून उपनगरी रेल्वे थेट उरणपर्यंत जाते, हा नव्या मुलांना मोठा आधार झालाय. न्हावा शेवा बंदरानं २०२४-२५ मध्ये ७३ लाख टीईयूच्या आसपास कंटेनर हाताळले. डहाणूजवळ नव्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. नियोजित क्षमता २ कोटी ३२ लाख टीईयू. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आणि खरा आहे. नोकऱ्यांचे आकडे सांगणाऱ्या जाहिरातींवर आजच कर्ज काढून कोर्स करू नका, बंदर उभं राहायला वर्षं लागणार आहेत.

विदर्भातल्यांनी नागपूर विसरू नये. तिथल्या कॉन्कॉरच्या, म्हणजे रेल्वेनं कंटेनर नेणाऱ्या कंपनीच्या, डेपोत समुद्र नाही, पण कागद, कस्टम, सील, रेल्वे सगळं तेच.

पायरी ७: मुलाखतीला काय येतं

ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र फार कुणी बघत नाही. पण हे विचारतात. कंटेनर नंबर वाचून दाखवा: पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुतेक यू, मग सहा आकडे आणि शेवटचा पडताळणीचा. डेमरेज आणि डिटेन्शनमधला फरक: भरलेला कंटेनर बंदरात मोफत दिवसांपलीकडे पडून राहिला तर डेमरेज, बाहेर नेल्यावर रिकामा वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. मास्टर बिल लाइन काढते, हाऊस बिल फॉरवर्डर काढतो. एफसीएल म्हणजे पूर्ण कंटेनर एकाचा, एलसीएल म्हणजे अनेकांचा माल एकात. २०२५ च्या फेब्रुवारीपासून मर्स्क आणि हापाग-लॉइडनं 'जेमिनी' नावानं एकत्र जहाजं चालवायला घेतली, एमएससी मुख्य मार्गांवर बऱ्यापैकी स्वतंत्र चालते. एवढी ताजी माहिती असली तरी समोरचा माणूस खुर्चीत थोडा पुढे सरकून बसतो.

अर्ज पाठवताना सीव्हीवर 'लॉजिस्टिक्सची आवड' लिहू नका. कुठला विभाग हवा ते लिहा: एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन, इक्विपमेंट कंट्रोल, रीफर मेंटेनन्स, व्हेसल प्लॅनिंग. ज्या यार्डात किंवा सीएफएसमध्ये ओळखीचं कुणी आहे तिथे एक दिवस जाऊन गेटवरून गाड्या आत-बाहेर होताना बघा, इंटरचेंज रिसीटवर, म्हणजे कंटेनर देता-घेतानाच्या पावतीवर, डेंट आणि भोकं कशी नोंदवतात ते विचारा. हेल्मेट आणि चमकणारं जॅकेट घालायला लागेल, पायात चपला नकोत.